युरोव्हिजन २०२३: लोकांचे गुण सगळ्यात जास्त, तरी फिनलंड हरलं कसं?

एस्पोची_आई:
आम्ही सात वर्षं एस्पोला आहोत, हेलसिंकीच्या शेजारी. शनिवारी, १३ मेला, युरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेची, लिव्हरपूलला अंतिम फेरी होती. इथे ती रात्री दहाला सुरू होते. लेक नऊ वर्षांची, दुपारी मुद्दाम झोपून घेतलेली. हिरव्या क्रेप कागदाच्या फुगीर बाह्या तिने स्वतः स्टेपल करून बनवल्या होत्या, अगदी फिनलंडचा गायक कॅरियाच्या झग्यासारख्या. तो लाकडी पेटाऱ्यातून बाहेर आला आणि ही म्हणाली, "आई, आपल्या भाषेत गातोय!" आपल्या म्हणजे फिनिश. मला भरूनच आलं.

लोकांचे ३७६ गुण जाहीर झाले तेव्हा आम्ही सोफ्यावर उड्या मारल्या. एकूण ५२६. शेवटी स्वीडन उरलं. त्यांच्या गायिकेला, लोरीनला, १८७ हवे होते, मिळाले २४३. लेक बाह्यांत तोंड खुपसून रडली. सकाळी उठल्या उठल्या विचारलं, "लोकांना तो जास्त आवडला ना? मग?" मला नीट सांगता आलं नाही. कुणी समजावेल का?

तबलापेटी:
ताई, गुण दोन ठिकाणांहून येतात. प्रत्येक देशाची ज्यूरी (२०२३ला ती पाच संगीतवाल्यांची होती) आणि प्रत्येक देशातले प्रेक्षक. दोघांकडेही १२, १०, मग ८ ते १ असे सारखेच गुण. ज्यूरीने लोरीनला ३४०, कॅरियाला १५० दिले. बेरीज ५८३ विरुद्ध ५२६. सगळा फरक तिथेच पडला.

आणखी एक. ३७६ म्हणजे मतांची संख्या नव्हे. माल्टाचे १२ आणि जर्मनीचे १२ सारखेच, तिथे किती का फोन आलेले असोत. ज्यूरी शुक्रवारच्या रंगीत तालमीवरच गुण देऊन मोकळी होते, म्हणजे शनिवारी प्रेक्षक "चा चा चा" हे कॅरियाचं गाणं ओरडत होते ते तिच्या कानावर पडायच्या आधीच.

कुंदा_स्टॉकहोम:
मी लोरीनच्या बाजूची, तरी तुमच्या लेकीसाठी वाईट वाटलं. पण ज्यूरीला गळाही तोलायचा असतो. दोन पाट्यांच्या फटीत आडवं पडून, जेमतेम हलायला जागा, आणि तसा सूर लावायचा! २०१२ला बाकूत जिंकलेली बाई पुन्हा जिंकली. दोनदा जिंकणारी ती पहिली स्त्री.

तबलापेटी:
गळ्याचं मान्य. पण १९० गुणांचा फरक? ज्यूरी नको असं मी म्हणत नाही. मधली काही वर्षं जवळजवळ सगळं फोनवर चालायचं, शेजारी शेजाऱ्याला मत देतो म्हणून ओरड झाली आणि २००९ला अंतिम फेरीत ज्यूरी परत आणली. फक्त पाच माणसं फार कमी. एकाची आवड फिरली की देशाचे गुण फिरतात. पंधरा-वीस जण तरी हवेत.

एस्पोची_आई:
दोघांचेही आभार. कागदावर ३४० + २४३ आणि १५० + ३७६ मांडून दाखवलं. तिने बेरीज दोनदा तपासली. मग विचारलं, फिनलंड कधीच जिंकलं नाही का? २००६, अथेन्स, राक्षसांचे मुखवटे घातलेला लोर्डी हा बँड. व्हिडिओ तीनदा बघितला. डाव्या बाहीची स्टेपल निघाली होती, ती आता सेलोटेपने चिकटवत बसली आहे. उद्या शाळेत घालून जायचंय म्हणे.