मदत हवी आहे: जुन्या कॉम्प्युटरला जड न होणारा अँटीव्हायरस कोणता?

झेरॉक्सवाला_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत आमचं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. मुख्य कॉम्प्युटर जुना: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या विंडोज सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका आणि अर्ज, ब्राउझरमध्ये सरकारी पोर्टलं आणि व्हॉट्सॲप, एवढंच काम.

दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात, त्यामुळे अँटीव्हायरसशिवाय बसायची हिंमत होत नाही. आणि तो घातला की मशीन बसतं. पेन ड्राइव्ह लावला की आधी स्कॅनची खिडकी उघडते, हिरवी पट्टी सरकत राहते आणि समोर फॉर्मची शेवटची तारीख असलेलं पोरगं "काका, झालं का?" करत उभं. सकाळी बटण दाबून झाडलोट, उदबत्ती उरकली तरी वर्ड उघडलेलं नसतं.

विकतच्या पॅकची मुदत संपली आहे, आता सारखी लाल पाटी येते. दुरुस्तीवाला म्हणतो दुसऱ्या कंपनीचा टाकतो, 'एकदम लाइट' आहे. भाचा म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स टाका, पण मग श्रीलिपीचं काय? हजारेक रुपये घालायची तयारी आहे. जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

सदाशिव_नळस्टॉप

काही विकत घेऊ नका. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आहेच, तो पुरे.

झेरॉक्सवाला_बार्शी

आहे म्हणतात सगळे, पण विंडोज सिक्युरिटी उघडलं तर तिथे मुदत संपलेल्याचंच नाव दिसतं. डिफेंडर कुठेच नाही.

सदाशिव_नळस्टॉप

बरोबर आहे. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. जुना पूर्ण काढा आणि रीस्टार्ट करा, तो परत उभा राहील. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केल्यावरही काही वेळा जुन्याचे ड्रायव्हर मागे राहतात. बहुतेक कंपन्या त्यासाठी वेगळं रिमूव्हल टूल देतात, ते त्यांच्याच साइटवरून घ्या. आणि जुना न काढता त्यावर दुरुस्तीवाल्याचा 'लाइट' चढवू देऊ नका. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडणार, मग मशीन चालेल कसं?

तारतंत्री

वरचं सगळं मान्य, पण काका, तुमचा खरा आजार वेगळा दिसतोय. उद्या सकाळी मशीन चालू झालं की टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम) आणि 'डिस्क'चा रकाना बघा. माझा अंदाज आहे, तिथे बराच वेळ १०० टक्के असणार आणि सीपीयू मात्र आरामात बसलेला असणार.

कारण सांगतो. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना ती वाचून तपासतो. वर्ड उघडणं म्हणजे एक फाइल नव्हे, शेकडो छोट्या फाइली. साध्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि सरकणारा काटा असतो. विखुरलेल्या फाइली वाचताना तिला सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे उड्या जमतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. त्यात तुमची रॅम ४ जीबी. ब्राउझरमध्ये दोन पोर्टलं आणि व्हॉट्सॲप उघडं असलं की ती भरते आणि विंडोज उरलेला माल त्याच डिस्कवर ठेवायला लागतं. म्हणजे श्रीलिपी, ब्राउझर, विंडोज आणि अँटीव्हायरस चौघंही एका काट्याच्या रांगेत. रांगेत कोणत्याही कंपनीचा अँटीव्हायरस उभा केला तरी काटा तोच.

'सर्वात हलका कोणता' याच्या चाचण्या होतात. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण त्यांच्या परफॉर्मन्स चाचणीतल्या साध्या मशीनलाही एसएसडी असते. म्हणून त्या तक्त्यात पहिला आलेला तुमच्याकडे पहिला येईलच असं नाही.

ते हजार रुपये अँटीव्हायरसवर घालू नका. त्यात थोडी भर घालून अडीच इंची साटा एसएसडी घ्या, २५६ जीबी पुष्कळ झाली. नंतर जमलं तर डीडीआर-थ्रीची आणखी ४ जीबी रॅम, ती वापरलेली चालते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून सध्याच्या डिस्कची तब्येत बघा. निळं 'गुड' दिसलं तर ठीक, पिवळं 'कॉशन' दिसलं तर घाई करा.

मोडी_आणि_माउस

तारतंत्रींशी सहमत, पण विकतचं सरसकट वाईट असंही नको. आपल्या पुण्याची क्विक हील १९९५ पासून या धंद्यात आहे. ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही त्याला आपल्या भाषेत फोनवर विचारता येणं याला किंमत आहे. प्रश्न एवढाच की या ४ जीबीच्या मशीनला ते सगळं हवंय का. व्हीपीएन, ट्यून-अप, पासवर्ड सांभाळणारा, ब्राउझरची पट्टी असा लवाजमा सोबत येतो. विकतचंच घ्यायचं असेल तर 'टोटल सिक्युरिटी' न घेता सर्वात साधा पॅक घ्या.

फुकटच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्तला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

शटर_अर्धं_उघडं

आमचंही झेरॉक्सचंच दुकान, लातूर. पेन ड्राइव्हचं थोडं सांगतो, कारण घाण येते ती तिथूनच.

एक, ऑटोप्ले बंद. सेटिंगमध्ये डिव्हाइसेस, तिथे ऑटोप्ले. दोन, फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर खूण करा. ही खूण नसेल तर 'हॉलतिकीट.पीडीएफ.ईएक्सई' अशी फाइल, म्हणजे खरं तर प्रोग्राम, तुम्हाला नुसती 'हॉलतिकीट.पीडीएफ' दिसते. आयकॉनही पीडीएफचाच लावलेला असतो. तीन, गिऱ्हाईक म्हणतं "माझे सगळे फोल्डर शॉर्टकट झाले", तेव्हा त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करायचं नाही, व्हायरस त्यानेच चालू होतो. बहुतेक वेळा खरे फोल्डर तिथेच लपवलेले असतात. कमांड प्रॉम्प्टमधून ॲट्रिब कमांडने हिडन आणि सिस्टीम हे दोन्ही गुण काढले की ते दिसायला लागतात. पोरगी रडवेली होऊन आलेली असते आणि प्रोजेक्ट पाच मिनिटांत परत मिळतो. याचे मी पैसे घेत नाही, ती पुढे बाइंडिंगला आपल्याकडेच येते.

डिफेंडरला पेन ड्राइव्ह तपासायला लावायचा असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर'. नाही केलं तरी फाइल उघडताना तो बघतोच.

आणि भाच्याचं अर्धं ऐका. मुख्य मशीन विंडोजच राहू द्या. अडगळीत एखादा डबा पडला असेल तर त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, २ जीबी रॅमवरही उठते. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह फक्त त्यालाच लावायचा, पीडीएफ उघडायची, प्रिंट द्यायची. विंडोजचे व्हायरस तिथे नुसते पडून राहतात. आमच्याकडे निम्मं प्रिंटिंग असंच चालतं. उरलेल्यांना भिंतीवर पाटी लावली आहे: फाइल व्हॉट्सॲप करा.

निवृत्त_टंकलेखक

एक शंका. उजव्या कोपऱ्यात "तुमच्या पीसीत ५ व्हायरस" असं येतं ते काय? माझ्याकडे रोज येतं.

मोडी_आणि_माउस

काका, तो व्हायरस नव्हे. कुठल्यातरी साइटने 'अलाउ' विचारलं आणि ते दाबलं गेलं. आता ती साइट नोटिफिकेशनमधून जाहिरात पाठवते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये साइट परमिशन, तिथे नोटिफिकेशन्स, अनोळखी नावं सगळी उडवा. त्यावर क्लिक करून काही विकत घेऊ नका आणि त्यातल्या नंबरवर फोन तर अजिबात नको.

सदाशिव_नळस्टॉप

विंडोजचं राहिलंच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या (नवे व्हायरस ओळखायच्या खुणा) मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, तिथे इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते.

पॅच, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीचा अपडेट, नसेल तर अँटीव्हायरस एकटा पुरत नाही. मे २०१७ च्या वॉनाक्राय या फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घातली नाही त्यांची मशीनं लॉक झाली आणि त्यात विंडोज ७ वाले सर्वात जास्त. तेव्हा अपडेट बंद करून 'फास्ट' करून देणाऱ्या दुरुस्तीवाल्याला दारातूनच चहा पाजून पाठवा.

झेरॉक्सवाला_बार्शी

सगळ्यांचे आभार. जुना काढला, डिफेंडर आला. फरक आहे, पण थोडाच. टास्क मॅनेजरमध्ये तारतंत्री म्हणाले तसंच, डिस्क १००, सीपीयू १५-२०. आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळं 'कॉशन' आलं. एसएसडी मागवली आहे.

आता दोन प्रश्न. डिफेंडरचं आपोआप स्कॅन ऐन गर्दीत सुरू होऊ नये म्हणून काही करता येतं का? आणि श्रीलिपी डोंगलवाली आहे (यूएसबीला किल्ली लावली तरच चालते), डिस्क बदलल्यावर चालेल ना?

तारतंत्री

स्कॅनचं सोपं आहे. टास्क शेड्युलरमध्ये विंडोज डिफेंडरच्या फोल्डरात 'शेड्यूल्ड स्कॅन' सापडेल, त्याला दुपारी जेवणाच्या सुट्टीतली वेळ द्या. श्रीलिपीचा फोल्डर फारच अडखळला तर तेवढाच एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, घाला. डाउनलोड फोल्डर किंवा पेन ड्राइव्हचं अक्षर चुकूनही नको.

डोंगल वेगळं यूएसबी असल्यामुळे क्लोन केलेल्या, म्हणजे जुनीची हुबेहूब नक्कल उतरवलेल्या, डिस्कवर श्रीलिपी चालायला हवी, तरी आधी विक्रेत्याला एक फोन करा. क्लोनला मात्र लगेच हात घालू नका. पिवळी डिस्क क्लोन होताना सलग काही तास राबते आणि त्यातच मान टाकू शकते. आज रात्री शटर ओढायच्या आधी पत्रिकांच्या फाइली आणि श्रीलिपीचे फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोनचार उघडून बघा, मग क्लोन.