मदत हवी आहे: आईचं अंग बाहेर येतंय, लघवीही गळते. पिशवी काढायलाच हवी का?

दिवाळीला माहेरी गेले होते. दोरीवरचे कपडे काढताना आईच्या साडीआड चार फडकी वाळत घातलेली दिसली. आईची पाळी बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली. विचारलं तर म्हणाली, "चुलीपुढची हायती." चुलीपुढची फडकी काळी असतात, ही पांढरी, धुऊन धुऊन विरलेली. रात्री दिवा घालवल्यावर बोलली एकदाची. "माझं अंग बाहेर येतंय गं. चार-पाच वर्षं झाली."

आई ६३ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी असते. तीन बाळंतपणं, तिन्ही घरीच, आणि बारावं झालं की लगेच डोक्यावर हंडा. बीपी आणि शुगर आहे, दोन्हीच्या गोळ्या चालू. वर्षभर कोरडा खोकला आहे, तो कुणी मनावर घेत नाही. सकाळी उठल्यावर बरं असतं, संध्याकाळपर्यंत अंड्याएवढं काहीतरी बाहेर येतं, आडवं झालं की आत जातं. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी सुटते. कधी इतकी घाईची लागते की कडी लावेपर्यंत साडी भिजते. आणि एवढं असून लघवी पूर्ण होत नाही, बोटानं आत ढकललं तरच मोकळी होते. हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून.

दुपारनंतर ती पाणीच पीत नाही. मावसभावाच्या लग्नाला कोल्हापूरला आली नाही, "गुडघा धरलाय" म्हणाली होती. आता कळलं गुडघा नव्हता.

तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं. दोन मिनिटांत सांगितलं, "पिशवी काढून टाका, लघवीचंही सुटेल." दुसऱ्या मॅडमनी नीट तपासलं. म्हणाल्या, तिसऱ्या पायरीचं आहे, पिशवीसोबत मूत्राशयही उतरलंय. अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवता येईल, ऑपरेशनही करता येईल, घरी विचार करा. पण घरी काय विचार करणार? आई म्हणते, "मरणाच्या वयात कशाला कापाकापी." भाऊ तर विषय निघाला की उठून गोठ्यात जातो.

रिंग कुणी वापरली आहे का? ऑपरेशननं गळणं खरंच थांबतं का? आणि जाळी बसवतात ती घातक असते असं ऐकलं, त्यात किती तथ्य?

रानजाई

माझ्या सासूबाई चार वर्षं रिंग वापरतायत, वय ७१. सिलिकॉनची असते, बांगडीसारखी, दुमडून आत सरकवतात. पहिली दुसऱ्याच दिवशी संडासात पडली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं, त्यांना वाटलं आतलंच काही तुटून पडलं! माप लहान झालं होतं, एवढंच. दुसरं माप बसलं ते बसलं. नीट बसली की रिंग जाणवत नाही. टोचत असेल किंवा लघवी अडत असेल तर माप चुकलंय, परत जायचं. आम्ही दर तीन महिन्यांनी जातो, मॅडम काढून धुतात, आत जखम नाही ना बघतात आणि परत बसवतात. पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी पडते, म्हणून इस्ट्रोजेनचं मलम आठवड्यातून दोनदा लावायला दिलंय. रिंग बसवून तपासणीला न जाणं मात्र वाईट. आमच्या आळीत एकीची वर्षानुवर्षं आतच राहिली आणि रुतली.

साधीसरळ

तुरटीच्या पाण्याचा शेक घ्यायला सांगा, अंग आवळतं. आमच्याकडे पूर्वापार करतात.

टाका_दोरा

कृपया तुरटी नको. आधीच कोरडी, घासली गेलेली त्वचा असते, तिथं जखम झाली तर दुसरंच निस्तरावं लागेल.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. न तपासता उपचार सांगणार नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते.

पिशवी बिचारी लोंबते, कारण तिला धरणारे बंध आणि खालचे स्नायू सैल झालेत. पिशवी काढली तरी सैल बंध तसेच राहतात. तेव्हा विचारा, "पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक कशाला बांधणार?" ते नीट बांधलं नाही तर काही वर्षांनी ते टोकच खाली येतं. पिशवी ठेवून ती वर बांधण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांची नावं त्यांना आहेत, पण त्या मुख्यतः मूल हवं असलेल्या तरुण मुलींसाठी. ६३व्या वर्षी पिशवी काढणं चूक नाही. 'काढली की झालं' हे चूक.

आता गळणं. मूत्राशय खाली उतरलं की लघवीची नळी मुडपते, पाण्याच्या पाइपला पीळ पडावा तशी. म्हणून तर आईंना बोटानं ढकलावं लागतं. ऑपरेशननं पीळ सुटला की काही जणींचं गळणं उलट वाढतं. म्हणून आधी अंग आत धरून खोकायला लावतात आणि गळतं का बघतात. ही तपासणी आवर्जून मागा. शिवाय लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू आहेत का ते कळतं), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी), आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघणं. घाईच्या लघवीला वेगळी औषधं असतात. त्यातल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं, म्हाताऱ्यांना कधी भ्रम होतो.

जाळीबद्दल. अंग वर धरायला योनीतून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला लावली. गळणं थांबवायला लघवीच्या नळीखाली घालतात ती जाळीची पट्टी वेगळी, पण ब्रिटननं २०१८ मध्ये दोन्हींचा वापर रोखून धरला होता. तुमच्या आईंना यातलं काही सुचवलं, तर का, आणि त्रास झाल्यास काढता येते का, हे स्पष्ट विचारा.

आणखी एक. गोळ्यांच्या पट्ट्या बघा. बीपीच्या गोळीचं नाव 'प्रिल'वर संपतं का? त्या गटानं काहींना कोरडा खोकला लागतो. शुगरच्या 'ग्लिफ्लोझिन' गटानं लघवी वाढते. स्वतःहून बंद मात्र काही करू नका.

लघवी अजिबात होईनाशी झाली, रक्त दिसलं किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम झाली तर थांबू नका.

उंबरठा

मी फिजिओथेरपिस्ट. तिसऱ्या पायरीचं अंग व्यायामानं आत जाणार नाही, खोटी आशा देत नाही. गळणं मात्र बरंच कमी होऊ शकतं, आणि रिंग किंवा ऑपरेशन काहीही केलं तरी स्नायूंना बळ लागतंच. आईंना सांगा, चारचौघांत वायू सरायला लागला तर जसं आवळून धरता, तसं आवळायचं. पोट, मांड्या, श्वास सैल. जमेल तितके सेकंद धरायचं, हळूहळू दहापर्यंत न्यायचं, मग तितकाच वेळ सोडायचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करता करता अडवून सराव करायचा नाही. बऱ्याच बायका आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात, म्हणून एकदा कुणीतरी तपासून शिकवलेलं बरं.

खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. पाणी तोडू नका, घट्ट लघवीनं घाई वाढते. चहा कमी. संडासला कुंथायचं नाही. हंडा दुसऱ्या कुणीतरी उचलायचा. आणि तीन दिवस वहीत लिहा: किती प्यायल्या, किती वेळा गेल्या, कधी गळलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आईला वही दिली. तिला घड्याळाचं जमेना, तिनं आपलं लिहिलं: 'धार काढायच्या आधी', 'शेजारणीचा कुकर झाला तवा'. रात्रीत पाच वेळा उठते, आम्हाला पत्ताच नव्हता. दुपारनंतर पाणी नाही, पण चहाचे चार कप!

आणि बीपीची गोळी रॅमिप्रिल निघाली. दीड वर्षापूर्वी सुरू झाली आहे. खोकला त्याच्या मागोमागचा. गावातल्या डॉक्टरांना फोन केला, गोळी बदलायची का ते उद्या बघून सांगतो म्हणाले.

आई रिंगला कबूल आहे, ऑपरेशनचं नंतर बघू म्हणते. संडासात पडलेल्या रिंगची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा पदर तोंडाला लावून हसली, आणि हसताना गळलं, तेही सांगितलं. हे पहिल्यांदाच.

गुरुवारी मॅडमची वेळ मिळाली आहे. अंग आत धरून खोकायची तपासणी, उरलेली लघवी, एचबीए१सी, चिठ्ठीवर लिहून घेतलंय. रानजाई, एक विचारायचं राहिलं: रिंग बसवल्यावर उकिडवं बसून धार काढता येते का? आईचा पहिला प्रश्न तोच आहे.