सहा महिन्यांच्या बाळावर औषधाची चाचणी: तुम्ही सही कराल का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

लेक अडीच वर्षांची. चौथ्या महिन्यात गालांवर लाल चट्टे उठले, तेव्हा घरात सगळे म्हणाले, उष्णता आहे, जाईल. आता कोपरांच्या घड्या, गुडघ्यांच्या मागची बाजू, मनगटं, मान, सगळं खरबरीत झालंय. रात्री तिच्या हातांत माझे जुने सुती मोजे चढवून वर नाडीने बांधतो. सकाळी मोज्यांच्या टोकांना रक्ताचे ठिपके असतातच. डॉक्टर बाई म्हणाल्या, मलमं नीट लावूनही इसब असाच राहिला तर पोटातून किंवा इंजेक्शनने औषध द्यायचा विचार करावा लागेल.

म्हणून रात्री वाचत बसलो. ड्युपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. लहान मुलांवरची त्याची चाचणी २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. वय ६ महिने ते ६ वर्षांच्या आत, मुलं १६२, युरोप आणि उत्तर अमेरिकेतली ३१ केंद्रं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन, दर ४ आठवड्यांनी, १६ आठवडे. म्हणजे माझ्या लेकीएवढ्या ऐंशीएक पोरांना सुया टोचल्या आणि आत काहीच नव्हतं! कुठले आईबाप सही करतात यावर? मोठा माणूस स्वतःच्या जिवावर उदार होऊ शकतो. ज्याला धड बोलता येत नाही त्याने 'नको' म्हणायचं कसं? त्यात पुष्कळ मुलांचा इसब वयाबरोबर आपोआप कमी होतो. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या लहान मुलांवर अशा चाचण्या नकोतच.

रातकिडा_लेस्टर

मी केली असती सही. तेव्हा कोणी विचारलंच नाही.

माझ्या मुलाला २०१८ मध्ये, चौथ्या वर्षी, सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं. मी डॉक्टरांना विचारलं, हेच का, त्याच कामाचं दुसरं औषध मेथोट्रेक्सेट का नाही? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मुलांना या दोन्हींतलं कोणतं बरं, याचा पुरेसा पुरावा नाही, त्यावरची चाचणी इथे ब्रिटनमध्ये चालू आहे. ती 'ट्रीट' चाचणी. ब्रिटन आणि आयर्लंडमधली २ ते १६ वयाची १०३ मुलं. निकाल छापून यायला २०२३ उजाडलं: सायक्लोस्पोरिनने लवकर उतार पडतो, पण औषध थांबवल्यावर मेथोट्रेक्सेटचा गुण जास्त टिकतो. तोवर माझा मुलगा नऊ वर्षांचा झाला होता. दर थोड्या दिवसांनी त्याचं रक्त काढायचं, रक्तदाब बघायचा, किडनीची काळजी करायची. दादा, हा प्रयोगच होता, फक्त त्याची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही.

आणि 'आत काहीच नव्हतं' हे अर्धंच चित्र आहे. ड्युपिलुमॅबच्या चाचणीत दोन्ही गटांतल्या मुलांना सौम्य स्टिरॉइडचं मलम चालूच होतं. त्रास वाढला तर जादा उपचाराची सोय होती. चाचणी संपल्यावर औषध नसलेल्या गटालाही खरं औषध घेता येत होतं.

शंकासुर

कोरडवाहूंशी अर्धवट सहमत. माझा आक्षेप चाचणीला नाही, तिच्यावरून आपण काढतो त्या निष्कर्षाला आहे.

ड्युपिलुमॅबचे आकडे बघा. १६ आठवड्यांनी त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाली ती औषधाच्या गटात १०० पैकी २८ मुलांची, दुसऱ्या गटात ४. लक्षणं तीन चतुर्थांश उतरली असं म्हणण्याजोगी मुलं ५३ विरुद्ध ११. चांगलंच आहे. पण २८ म्हणजे उरलेली ७२ तिथवर पोचली नाहीत, हे जाहिरातीत कोण सांगतं?

दुसरं, इसब किती आहे हे मोजताना लाली बघतात. गोऱ्या कातडीवर लाली टिपायची सवय झालेली नजर सावळ्या पोराच्या पायाशी चकते. आपल्याकडे तोच चट्टा जांभळट किंवा काळपट दिसतो आणि 'सौम्य' म्हणून पुढे जातो.

तिसरं, जंत. हे औषध शरीराच्या ज्या वाटा अडवतं, त्याच वाटांनी शरीर जंतांशीही लढतं. म्हणून जंत असतील तर आधी ते पाडा, असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. आपल्या अंगणवाड्यांत १० फेब्रुवारीला जंतांवरची अल्बेंडाझोलची गोळी का वाटतात? चौथं, जिवंत लसी. उपचार चालू असताना त्या टाळायला सांगतात. मग गोवर-रुबेला, कांजिण्या यांचं वेळापत्रक कसं बसवायचं? सायक्लोस्पोरिन-मेथोट्रेक्सेट असेल तर आपल्याकडे क्षयाची तपासणी आधी हवीच.

यातला एकही प्रश्न ब्रसेल्स किंवा टोरंटोच्या बाळाला या तीव्रतेने पडत नाही.

पानाफुलांचा_डॉक्टर

एवढं कशाला? आमच्या भाच्याला कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली आणि वांगं बंद केलं. तीन महिन्यांत साफ.

मात्रा_वळसे

वरच्या प्रतिसादाला: सोललेल्या कातडीवर कडुलिंबाचं पाणी कसं झोंबतं हे त्या भाच्याला विचारा. बाळाचं खाणं अंदाजाने तोडू नका, कुपोषण मागून येतं.

आता मूळ विषय. माझं औषधांचं दुकान आहे, गाव सांगत नाही. लोक येतात आणि म्हणतात, 'ते थेंब द्या, मागच्या वेळी दोन दिवसांत खाज गेली होती.' थेंब म्हणजे पोटातून द्यायचं स्टिरॉइड. चिठ्ठी कधी दोन वर्षांपूर्वीची, कधी शेजारणीच्या मुलाची. दोन दिवसांत त्वचा लख्ख होते हे खरं. बंद केलं की इसब दुपटीने उसळतो, मग पुन्हा थेंब. मी देत नाही म्हटलं की दहा पावलांवर दुसरं दुकान आहे. एका आजीने बाटली दाखवली, तिच्यावर ड्रॉपरऐवजी चमचा बांधला होता. 'थेंब मोजायला दिसत नाही हो मला.'

धागाकर्ते, बोलता न येणाऱ्या मुलांवर सर्वांत मोठी चाचणी आमच्या काउंटरवर रोज चालते. तिथे नीतिमत्ता समिती नाही, विमा नाही, सहीसुद्धा नाही.

कोरडवाहू

मात्रा_वळसे, चमच्याचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही एकदा ते थेंब आले होते, खोटं कशाला बोलू.

पण दुकानातली बेफिकिरी वाईट आहे म्हणून चाचणी आपोआप चांगली ठरत नाही. माझा मुद्दा थोडा आवळतो. चाचणी करायचीच तर रिकामं इंजेक्शन का? सायक्लोस्पोरिनशी तुलना करा. म्हणजे दोन्हीकडच्या मुलांना काहीतरी औषध मिळेल.

रातकिडा_लेस्टर

ऐकायला बरं वाटतं. पण तुलना कशाशी? वर्षा-दीड वर्षाच्या बाळात सायक्लोस्पोरिनची स्वतःचीच धड चाचणी कुठे आहे? इसबासाठी त्याची परवानगीही मोठ्यांपुरतीच आहे. किडनीवर ताण येऊ शकणारं औषध एका पारड्यात टाकायचं, ते केवळ दुसऱ्या पारड्याला सोबत म्हणून? शिवाय दोन औषधांतला फरक लहान असेल तर तो दिसायला कितीतरी जास्त मुलं लागतात.

आणि 'आपोआप जातो' याचं उत्तर त्या दुसऱ्या गटानेच दिलंय. नुसत्या सौम्य मलमावर १६ आठवडे, आणि स्वच्छ झाली १०० पैकी ४. तो गट नसता तर तुम्हीच म्हणाला असतात, ती २८ मुलं कशानेही बरी झाली असती.

शंकासुर

इथे थोडी गफलत होतेय. आपोआप जातो तो वर्षांच्या हिशेबात. चार महिन्यांच्या आकड्याने तो दावा खोडता येत नाही. आणि नेमकी तीच माझी भीती आहे. १६ आठवड्यांत गुण दिसतो, धोका दिसायला वर्षं जातात. जॅक इनहिबिटर गोळ्यांचं बघा, याही प्रतिकारशक्तीला आवर घालतात आणि इसबासाठीही वापरतात. आधी संधिवातासाठी सर्रास दिल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग यांचा ठळक इशारा वाढवला. तोही वयस्क रुग्णांवरच्या मोठ्या, लांब अभ्यासातून कळला. लहान मुलांचा तसा अभ्यास कोण आणि किती वर्षं चालवणार?

मात्रा_वळसे

रास्त. पण ड्युपिलुमॅबच्या बाबतीत उडी मारलेली नाही, पायऱ्या उतरल्यात. अमेरिकेत मोठ्यांना २०१७, १२ वर्षांवरच्यांना २०१९, ६ ते ११ ला २०२०, ६ महिन्यांपासून २०२२. वरच्या वयात काय होतं ते बघून खाली आले. या चाचणीत डोळे येण्याचं प्रमाण औषधाच्या गटात ५ टक्के होतं, दुसऱ्यात शून्य. ते वरच्या वयातही दिसलं होतं, म्हणून इथे आधीपासून लक्ष होतं.

परवडण्याचं वेगळंच. आमच्या गिऱ्हाईकांपैकी एकालाही हे इंजेक्शन झेपणार नाही. तुम्ही लोक 'द्यावं का' यावर भांडताय, आमच्याकडे प्रश्न तिथवर पोचतच नाही.

शंकासुर

अवांतर: आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चाचणीत सात वर्षांपुढच्या मुलाचीही संमती विचारावी लागते. त्याखाली फक्त पालक. म्हणजे कोरडवाहूंचा पहिला प्रश्न उभाच आहे. अडीच वर्षांच्या मुलीने हात मागे ओढला तर ते 'नको' धरायचं की सुईची भीती?

कोरडवाहू

तोच तर प्रश्न. ती मलम लावतानाही हात मागे ओढते, मग मी काय थांबतो?

बायकोने धागा वाचला. तिने ५३ आणि ११ कडे बघितलंही नाही. विचारलं, त्या मुलांची झोप मोजली होती का?

रातकिडा_लेस्टर

मोजली होती. खाजेचे आणि झोपेचे गुण आईवडीलच नोंदवायचे. घरच्यांचं काय होतं, याचीही वेगळी प्रश्नावली होती.

कोरडवाहू

बरं. रिकाम्या इंजेक्शनचं मला अजून पटलेलं नाही, ते तसंच राहू द्या. मंगळवारी पुन्हा डॉक्टर बाईंकडे जायचंय. कागदावर लिहून घेतलंय: कांजिण्यांची लस अंगावर चट्टे आहेत म्हणून आम्हीच पुढे ढकलली होती, ती आधी टोचायची का, जंतांची गोळी शेवटची कधी दिली, आणि मलम खरंच पुरेसं लावतोय का, की महिनाभर एकच ट्यूब पुरवतोय. तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे. ट्यूब अजून अर्धी आहे.