जॉन अब्राहम मोठा कशामुळे? सिनेमामुळे की त्यासाठी पैसा जमवायच्या पद्धतीमुळे?

चौकट_बाहेर :
आधीच सांगतो, हिंदीतला हिरो नव्हे. केरळचे दिग्दर्शक जॉन अब्राहम, १९३७ ते १९८७. एलआयसीची नोकरी सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला आले, तिथे बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकले, आणि आयुष्यात मोजून चार फीचर फिल्म.

काल परत त्यांचा 'अम्मा अरियान' (१९८६) बघितला आणि डोक्यातून जातच नाहीये. दिल्लीला निघालेल्या पुरुषनला वाटेत एका तरुणाचा मृतदेह दिसतो, आत्महत्या, चेहरा कुठेतरी पाहिलेला. शोधता शोधता कळतं की हा तबला वाजवणारा हरी. आता त्याच्या आईला सांगायला तर हवं ना, म्हणून हा निघतो, वाटेत हरीला ओळखणारा एकेक जण सोबत येत जातो आणि आईपर्यंत पोचेस्तोवर मोठा घोळका झालेला असतो.

आणि पैसाही असाच जमलाय बघा! १९८४ मध्ये मित्रांना घेऊन त्यांनी 'ओडेसा' ही सिनेमावाल्यांची संघटना उभी केली, गावोगाव ढोल वाजवत फिरले, १६ एमएमचा प्रोजेक्टर लावून चॅप्लिनचा 'द किड' दाखवला आणि लोकांपुढे हात पसरला. निर्माता नाही, वितरक नाही. माझं ठाम मत आहे की ही पद्धत हीच जॉनची सगळ्यात मोठी निर्मिती, सिनेमापेक्षाही मोठी.

रात्रपाळी :
अजिबात पटलं नाही. १९७२ ला पहिली फिल्म, १९८६ ला शेवटची, मध्ये फक्त दोन, एवढ्या ताकदीच्या माणसाची चारच कामं हाती लागतात याचं वाईट वाटायचं सोडून आपण आरत्या काय ओवाळतोय?

मी एका इंडी फिल्मवर असिस्टंट होते. सलग बावीस रात्री शूट, पहाटे लाईटचे स्टँड आवरताना बोटं आखडायची आणि मानधनाचं विचारलं की एकच उत्तर, आपण सगळे मिळून करतोय ना. पोस्टरवर नाव मात्र एकाचंच आलं. त्यामुळे 'लोकांचा सिनेमा' म्हटलं की मी आधी विचारते, यात फुकट कोण राबलं?

लोकवर्गणीच हवी तर 'मंथन' (१९७६) बघा. गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक, प्रत्येकी दोन रुपये, झाले दहा लाख. दिग्दर्शक श्याम बेनेगलांना दारोदार फिरावं लागलं नाही, त्यांनी दिग्दर्शन केलं. पद्धत म्हणतात ती ही.

चौकट_बाहेर :
राबण्याचा मुद्दा मान्य आणि तुमच्या बाबतीत जे झालं ते चूकच, त्यावर वाद नाही. पण 'मंथन'च्या मागे सहकारी दूध संघांची तयार यंत्रणा होती आणि विषयही त्यांच्याच चळवळीचा होता. नक्षलवादाकडे ओढल्या गेलेल्या, शेवटी जीव देणाऱ्या पोराच्या गोष्टीला कुठला संघ दोन रुपये देणार सांगा? तिथे अनोळखी माणसाच्या खिशातलं नाणंच कामी येतं, कारण त्या नाण्याला स्क्रिप्ट बदलून मागता येत नाही.

तिसरी_घंटा :
दोघंही पैशावरच अडकलात राव. जॉनचाच 'अग्रहारत्तिल कळुदै' (१९७७, तमिळ) बघितलाय का? ब्राह्मणांच्या वस्तीत एक प्रोफेसर गाढवाचं अनाथ पिल्लू आणून सांभाळतो, बास, एवढ्यावर अख्ख्या अग्रहाराचं सोवळं उघडं पाडलंय. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ओडेसा नव्हती, वर्गणी नव्हती, तरी माझ्या मते 'अम्मा अरियान'पेक्षा जास्त घट्ट बांधलेली फिल्म आहे, 'अम्मा'मध्ये मधला प्रवास रेंगाळतो, रेंगाळतोच. म्हणजे जॉन मोठा होता तो नजरेमुळे.

आणि कृपा करून दारूचे, फकिरीचे किस्से नकोत. कोळिकोडला इमारतीवरून पडून ४९ व्या वर्षी गेला तो माणूस. त्यात कसलं रोमँटिक आलंय? इथल्या नव्या पोरांना वाटायला लागतं की असं जगलं की तसा सिनेमा होतो.

रात्रपाळी :
शेवटच्या पॅराला शंभर टक्के अनुमोदन.

@चौकट_बाहेर, नाण्याचं म्हणणं थोडं पटलं. पण मग हेही सांगा, ज्यांनी ती नाणी टाकली त्यांना फिल्म बघायला मिळाली का? कारण आमच्या वेळी वर्गणी सगळ्यांकडून घेतली आणि फिल्म गेली फेस्टिव्हलला, पैसे देणाऱ्यांनी पाहिलीच नाही.

चौकट_बाहेर :
मिळाली ना. थिएटरच्या धंद्यात न पडता ओडेसाने ती केरळभर लोकांमध्ये नेऊन दाखवली, तिकीटबारीचा हिशोबच नव्हता. मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पैसा जिथून आला तिथे सिनेमा परत गेला.

पण तुमचा प्रश्न लागला मला. दोन वर्षांपूर्वी मीही शॉर्टफिल्मसाठी ओळखीतल्या साठेक लोकांकडून पैसे घेतले होते. एडिट झालं, फेस्टिव्हलला पाठवली, नाही लागली, मग लाजेने कोणाला लिंकसुद्धा पाठवली नाही. ती वही अजून आहे, नाव आणि पुढे रक्कम. आज संध्याकाळपासून एकेकाला फोन लावतोय, कुणाच्या तरी घरात पडदा लावून दाखवतो.

रात्रपाळी :
युनिटलाही बोलवा. स्टँड उचलणाऱ्यांना आधी.