जेलमा (प्रकाशाने घट्ट होणारं जिलेटिन) चकतीत कूर्चाद्रव्य पेशींभोवतीच अडकतंय, टक्केवारी वाढवू का?

प्रश्न:
जेलमा १०%, प्रतिस्थापन (जाळी जोडणाऱ्या मेथाक्रिलेट गटांचं प्रमाण) सुमारे ८०%. लॅप (प्रकाश पडल्यावर जेल घट्ट करणारं रसायन) ०.१%, ४०५ नॅनोमीटर प्रकाश, १० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी., ६० सेकंद. चकती ६ मिमी व्यासाची, २ मिमी जाड. कूर्चापेशी २ कोटी प्रति मिली. माध्यमात टीजीएफ-बीटा ३ (कूर्चा बनवायला चालना देणारं प्रथिन), १० नॅनोग्रॅम प्रति मिली. २१ दिवसांनी सॅफ्रानिन-ओचा (कूर्चाद्रव्य दाखवणारा रंजक) लाल रंग प्रत्येक पेशीभोवती कड्यासारखा, मधली जागा फिकट. दाबमापांक (दाबाखालचा ताठरपणा) जेमतेम ३० किलोपास्कल. १५% केलं तर? शिवाय वरचा थर चिकट राहतो.

उत्तर १:
१५% नको. जाळी आणखी दाट होईल. अ‍ॅग्रिकनचा (कूर्चाद्रव्यातला मुख्य घटक) रेणू जाळीच्या छिद्रांपेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे जेल झिजून जागा होईपर्यंत तो पेशीलगतच साठतो. पहिल्या दिवशी मापांक वाढलेला दिसेल आणि पुढे फारसा हलणार नाही. खऱ्या कूर्चेचा मापांक साधारण ०.५ ते १ मेगापास्कल. तिथवरचा ताठरपणा पेशींनी तयार केलेल्या द्रव्यातूनच यायला हवा. प्रतिस्थापन ५०% च्या आसपास आणा, नाहीतर जेलमा ७% करा. दोन्ही एकदम बदलू नका, कशामुळे काय झालं ते कळणार नाही. मऊ चकती उचलताना फाटत असेल तर ०.५% मेथाक्रिलेटेड हायलुरोनिक आम्ल मिसळा.

चिकट थराचं कारण हवेतला ऑक्सिजन: तो पृष्ठभागावरचे रॅडिकल (जेल जोडणारे क्रियाशील रेणू) संपवतो. साचा काठोकाठ भरून, बुडबुडा न अडकवता, वर कव्हरस्लिप ठेवा. द्रावण फिनॉल रेड (प्रकाश शोषणारा रंजक) नसलेल्या बफरमध्येच करा.

उत्तर २:
मोजमापात दोन खड्डे आहेत. हायड्रॉक्सिप्रोलिनवरून (कोलॅजनमधलं अमिनो आम्ल) कोलॅजन मोजू नका; जेलमा मुळात जिलेटिन, त्याचंच हायड्रॉक्सिप्रोलिन आकड्यात येतं. टाइप २ (खऱ्या कूर्चेतल्या) कोलॅजनसाठी प्रतिपिंड रंगवणूक करा. हायलुरोनिक आम्ल घातलंत तर डीएमएमबी रंजक (कूर्चेतल्या सल्फेटयुक्त शर्करा मोजणारा) पीएच १.५ ला वापरा, म्हणजे कार्बॉक्सिल गटांची ढवळाढवळ कमी होते. तुलनेसाठी पेशीविरहित चकती प्रत्येक वेळी सोबत हवीच. पेशी कितव्या पॅसेजच्या (प्लेटवर वाढवून पुन्हा पसरवण्याची फेरी)?

प्रश्नकर्ता:
पाचव्या. पेशीविरहित चकती ठेवली नव्हती.

उत्तर २:
मग जेलच्या आधी पेशी बदला. सपाट प्लेटवर इतके पॅसेज झाले की कूर्चापेशी तंतुपेशींसारख्या वागू लागतात, टाइप १ कोलॅजन बनवतात. पॅसेज २ च्या पुढे जाऊ नका. हाच ७% चा प्रयोग टाइप १ आणि टाइप २, दोन्हींच्या रंगवणुकीसह लावा.