कल्याण–मुरबाड रस्ता रुंद करताय, तर चालणाऱ्याची वाट पहिल्याच नकाशात आखा

मामणोलीकर

परवा पारावर पुन्हा तोच विषय निघाला. कल्याणहून थेट मुरबाडपर्यंत रस्ता सलग रुंद झाला पाहिजे. झालाच पाहिजे, माझं त्यात दुमत नाही. पूर्वीचा २२२, आताचा ६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. माळशेज उतरून येणारा भाजीपाला, मुरबाड एमआयडीसीचे ट्रेलर, पावसाळ्यात रविवारी धबधब्यांना निघालेल्या गाड्या, सगळ्यांना हाच रस्ता. माझी मागणी एकच आहे. चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरची वाट पहिल्या नकाशात आणि पहिल्या अंदाजपत्रकात आली पाहिजे. "आधी रस्ता होऊ द्या, मग बघू" हे मला मान्य नाही.

आज आम्हाला चालायला काय आहे? मुरमाची साईडपट्टी. पावसात वाहून जाते ती. डांबराचे थरावर थर चढत गेले, साईडपट्टी भरायची मात्र राहून गेली. आमच्या मामणोली गावच्या थांब्याच्या अलीकडे डांबराची कड जमिनीपासून वीतभर उंच आहे. माझी पुतणी सायकलने शाळेत जाते. मागून डंपरने हॉर्न दिला की तिला खाली उतरावं लागतं. पुढचं चाक उतरतं, मागचं कडेला घासतं आणि हँडल फिरतं. गेल्या श्रावणात अशीच पडली, कोपराला सहा टाके. शेताच्या बाजूला पडली म्हणून वाचली.

रुंदीकरण सुरू झालं की सगळ्यात आधी जाते ती ही साईडपट्टी. म्हणजे आहे ती हातभर जागाही डांबराखाली जाणार, वर गाड्यांचा वेग वाढणार. ताशी ८० च्या गाडीच्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी २२ मीटर संपलेले असतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच हा आकडा आहे. पाचातला जवळजवळ एक.

आणि हे आपल्याकडे होत नाही असं कुणी म्हणू नये. आळंदी–पंढरपूर आणि देहू–पंढरपूर पालखी मार्गांचं ८ नोव्हेंबर २०२१ ला भूमिपूजन झालं, तेव्हा चौपदरीकरणाबरोबर वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना चालायची वेगळी वाट जाहीर केली होती. वारीला वाट मिळते, मग रोज शाळेत जाणाऱ्या पोरांना का नको?

रात्रीचा पिकअपवाला

दादा, पोरीचं वाचून वाईट वाटलं. पण अकरा वर्षं मी ह्या रस्त्याने रात्रीचा माल आणतोय, माझीही बाजू ऐका.

ओतूरला संध्याकाळी कोथिंबीर-मेथी भरायची, घाट उतरायचा, मुरबाड करत कल्याणचं मार्केट गाठायचं. गाडीत जुड्या एकमेकींवर दाबून असतात, आतून तापतात. दोन तास उशीर झाला की मधल्या जुड्या पिवळ्या पडतात आणि भाव निम्म्यावर येतो. तो तोटा मला नाही, शेतकऱ्याला बसतो. वरप–कांब्याला गाड्या तुंबल्या की मी स्टेअरिंगवर बसून घड्याळ बघतो. मागे रुग्णवाहिका अडकलेली असते, तिलाही जागा देता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, जेवढी जागा मिळेल तेवढी आधी चार पदरांना आणि मधल्या दुभाजकाला द्या. रात्री समोरचा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारून येतो तेव्हा दोन-तीन सेकंद मला काही म्हणजे काही दिसत नाही. दुभाजक नसल्यामुळे समोरासमोर धडकून किती गेले हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि वाट केलीत तरी ती राहणार का? पुण्यात जाऊन बघा. सायकल मार्ग बांधले, त्यांवर आज दुचाक्या उभ्या असतात. इथेही वडापावची गाडी, टायर पंक्चरचं दुकान, खडीचा ढीग येणार. खर्च होणार आणि माणूस पुन्हा डांबरावरच चालणार.

किशोरकडचा शेतकरी

दोघेही रस्त्याच्या बाजूने बोलताय. आमच्या किशोर गावात रस्त्याला लागून ज्याचं शेत आहे त्याचं काय?

दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर वाट म्हणताय. साधा गुणाकार करा. चार मीटर रुंद, एक किलोमीटर लांब म्हणजे चार हजार चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे दर किलोमीटरला जवळपास ४० गुंठे, एक एकर. मुरबाडपर्यंत किती एकर होतात ते तुम्हीच मोजा. माझा तुकडा ११ गुंठ्यांचा, भेंडी लावतो. रस्त्याकडची पट्टी गेली की विहिरीचं पाणी पलीकडे न्यायचा पाट गेला, बांधावरचं चिंचेचं झाड गेलं. मोबदला कायद्याने मिळतो, मान्य. पण सातबाऱ्यावर सात जणांची नावं आहेत, त्यातले दोघे वारलेत. वारसनोंद होऊन पैसा हातात पडेपर्यंत माझा मुलगा म्हातारा होईल.

मी रस्त्याला विरोध करत नाही. वाटेसाठी आणखी जमीन मागू नका एवढंच.

उल्हासनगरचा सायकलवाला

मी दर शनिवारी पहाटे सायकलने टोकावड्यापर्यंत जातो. थोडं वेगळं मत मांडतो. बांधीव सायकल मार्ग मला नको. त्याच्यावर काचा, वाळू, बसलेली गुरं. एका तासात पंक्चर. मला डांबराचीच सलग, सपाट, दीड-दोन मीटरची कडपट्टी द्या आणि मधे ठळक पांढरी रेघ मारा.

मामणोलीकर

सायकलवाले भाऊ, तुमची सायकल आणि माझ्या पुतणीची सायकल ह्यांत फरक आहे. तुम्ही हेल्मेट घालून, मागे लाल दिवा लावून ३० च्या वेगाने जाता. ती दप्तर पाठीवर आणि मैत्रीण कॅरिअरवर घेऊन जाते. पांढऱ्या रेघेने डंपर थांबत नाही. ओव्हरटेक करताना पहिलं चाक त्या रेघेपलीकडेच जातं, रोज बघतो.

पिकअपवाले दादा, समोरच्याचा अप्पर डोळ्यात गेला की तुम्हाला काही दिसत नाही, हे तुम्हीच लिहिलंत. त्याच तीन सेकंदांत कडेने कुणीतरी चालत असतं. दुभाजकाने समोरची गाडी टळेल, चालणारा कसा टळेल?

शेतकरी काका, तुमचा हिशेब खरा आहे. मी तो मांडला नव्हता, मांडायला हवा होता. त्याला माझ्याकडे आज पूर्ण उत्तर नाही.

रिटायर ओव्हरसीअर

३१ वर्षं रस्त्याच्या कामावर काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे हिशेब. दुपदरी डांबर ७ मीटरचं. चौपदरी म्हणजे एका बाजूला दोन पदर, पदर साडेतीन मीटरचा, दोन्ही बाजू मिळून १४ मीटर, वर दुभाजक, साईडपट्ट्या आणि गटारं. लोक इथेच फसतात. रस्त्याची हद्द डांबराच्या कडेला संपत नाही, ती बऱ्याचदा पुढे शेताच्या बांधापर्यंत असते. तेव्हा शेतकरीबुवा, आधी भूमिअभिलेखकडून हद्दीची मोजणी मागा. वाटेची जागा कित्येक ठिकाणी रस्त्याच्याच हद्दीत निघते, तिथे आज टपरी असते किंवा शेणाचा उकिरडा. जिथे निघत नाही तिथे वाट एकाच बाजूला घ्या, शाळा आणि वस्ती ज्या बाजूला आहे त्या बाजूला. तुमचे ४० गुंठे तिथेच २० वर आले.

दुसरं, गटार. गावठाणातून जाताना पाण्याचं गटार बांधावंच लागतं. त्यावर काँक्रीटचं झाकण टाकलं की तीच चालायची वाट, वेगळी जमीन लागत नाही. पण मी स्वतः ही कामं बिघडताना पाहिलीत. एका कामावर ठेकेदाराने झाकणं एवढी पातळ ओतली की पहिल्याच पावसाळ्यात भाजीच्या टेम्पोचं मागचं चाक आत गेलं आणि मग वर्षभर गावातली म्हातारी माणसं त्या भोकाला वळसा घालून रस्त्यावरून चालत होती. मी वर कळवलं होतं, दुरुस्ती यायला वर्ष गेलं. म्हणून झाकण टेम्पोचं वजन पेलेल असंच ओतलं पाहिजे. "इथे गाडी चढणार नाही" हे गृहीत धरलं की काम वाया गेलं.

तिसरं, अतिक्रमण. पुण्याचं उदाहरण खरं आहे, पण त्यावर उपाय आहेत. वाट आणि डांबर यांच्यात गटार किंवा झाडांची ओळ आली की गाडी चढत नाही. दर ५० मीटरला फट ठेवली की दुचाक्या शिरतात. फट फक्त फाट्याला आणि शेतात ट्रॅक्टर उतरतो तिथे असावी. वाटेची कडही १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर म्हातारं माणूस वर चढतच नाही, रस्त्यावरून चालतं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची १०३ नंबरची मार्गदर्शिका हीच उंची आणि किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगते. ती शहरी पादचाऱ्यांचा विचार करून लिहिली आहे, पण माणसाचा पाय गावातही तेवढाच उचलतो.

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत १९८-अ कलम आलंय. रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होतो. रक्कम छोटी आहे. पण निवेदनात हे कलम घातलंत की टेबलापलीकडचा माणूस कागद दुसऱ्यांदा वाचतो. आणि पूर. रायत्याला उल्हास नदीचं पाणी २०१९ आणि २०२१ च्या जुलैत पुलावरून गेलं. तिथे पुढेमागे नवा उंच पूल बांधलाच, तर त्यावर पादचाऱ्याची जागा पहिल्या दिवशीपासून असू द्या. पूल नंतर सहजी रुंद करता येत नाही.

आश्रमशाळेतल्या बाई

सगळे रस्त्याच्या कडेने चालण्याबद्दल बोलताय. रस्ता ओलांडायचा कसा, ते कुणीच लिहिलं नाही.

आमच्या शाळेकडची एसटी पलीकडे थांबते. ठाकूरवाडीतल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन येतात. मोळी डोक्यावर आडवी असते, दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर. त्या बाईला मान वळवून मागून गाडी येतेय का ते बघताच येत नाही, मोळीच आड येते. ती आवाजावर रस्ता ओलांडते. आता हा रस्ता चौपदरी होणार, मधे दुभाजक येणार. सोळा-सतरा मीटर ती मोळी घेऊन कशी ओलांडणार? लांबच्या फटीपर्यंत कुणी जात नाही. दुभाजकावर चढतात, मुलाला आधी वर उभं करतात आणि मग स्वतः. इतर चौपदरी रस्त्यांवर हे मी पाहिलंय.

पादचारी पूल बांधू नका. मोळी घेऊन कुणी चाळीस पायऱ्या चढत नाही. थांब्याजवळ आणि शाळेजवळ रस्ता थोडा वर उचलून सपाट गतिरोधक करा, तिथेच दिवा लावा, आणि दुभाजकात माणूस उभा राहील एवढी रुंद मोकळी जागा ठेवा, म्हणजे एका दमात चार पदर ओलांडावे लागणार नाहीत. नाल्यावर रस्त्याखालची मोरी बांधालच, तीच थोडी उंच केलीत तर उन्हाळ्यात गुरं आणि माणसं खालून जातील. कडेच्या वाटेआधी मला हे हवंय. मामणोलीकर, तुमची मागणी चांगली आहे, पण ह्याच्याशिवाय ती अर्धीच आहे.

रात्रीचा पिकअपवाला

बाई, मोळीचं आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही म्हणतो, बघत नाहीत, मधे येतात.

गतिरोधकाला मात्र माझा विरोध आहे. लोड गाडी पहिल्या गिअरला टाकून एकेक गतिरोधक काढायचा, मुरबाड ते म्हारळ असे वीस झाले तर रुंदीकरणाने वाचलेला वेळ तिथेच गेला. आणि रंग उडालेला, दिवा नसलेला गतिरोधक रात्री दिसत नाही, मोटारसायकलवाले उडतात. मोरी उंच करा, तिला माझा पाठिंबा. आळेफाट्याच्या, ओतूरच्या माणसाला समृद्धीचा उपयोग नाही, आम्हाला हाच एक रस्ता आहे. तो गावात-गावात अडवू नका.

आश्रमशाळेतल्या बाई

भाऊ, वीस नको. शाळेपुढे एक आणि एसटीच्या थांब्यापुढे एक. आमच्या पट्ट्यात एवढेच. त्यावर रात्रभर दिवा चालू राहील हे बघायची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल, तसं मी सरपंचताईंशी बोलते. शाळेची वेळ सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच. तेव्हा तुमची भरलेली गाडी बहुतेक रस्त्यावर नसतेच.

किशोरकडचा शेतकरी

मोजणीचं ओव्हरसीअर साहेब म्हणतात ते करून बघतो. हद्दीतच जागा निघाली तर माझा विरोध नाही. शेतातली लागली तर ती एकाच बाजूला घ्या आणि पाटासाठी खालून पाइप टाकून द्या. पाइप आधी, वाट मागाहून. हे लेखी पाहिजे.

मामणोलीकर

बाईंचं मान्य. माझ्या मागणीचा क्रम बदलतो. आधी ओलांडायच्या जागा आणि उंच मोऱ्या, मग गावठाणातून झाकणवाल्या गटारावरची वाट, आणि शेवटी दोन गावांच्या मधली, एकाच बाजूची. पण तिन्ही गोष्टी एकाच अंदाजपत्रकात. इथे मी मागे हटणार नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग म्हटलाय, तेही निवेदनात घालतो.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय. पिकअपवाले दादा, गतिरोधकाच्या मुद्द्यावर आपलं जमलं नाही, तरी उंच मोरी आणि दुभाजकाच्या मागणीवर तुमच्या ड्रायव्हर मंडळींच्या सह्या मिळतील का?

रात्रीचा पिकअपवाला

मिळतील. कागद मामणोलीच्या थांब्यावरच्या चहावाल्याकडे ठेवा. परत जाताना पहाटे सगळे तिथेच थांबतात. गतिरोधकाची ओळ मात्र वेगळ्या कागदावर घ्या, तिच्यावर मी सही करणार नाही.