डक्टाइल म्हणजे लवचीक, तन्य की चिवट?

ओढ्याकाठी : गावच्या पाणीयोजनेचा फलक मराठीत करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजी मजकुरात 'डक्टाइल आयर्न पाइप, के-9' आहे. मी आपलं 'लवचीक लोखंडी नळ' लिहून मोकळा झालो. ग्रामसभेत वाचून दाखवलं तर मागून एक आवाज : "लवचीक म्हणजे बागेतल्या पाइपासारखा का? साडेपाच मीटरचं ते धूड आम्ही सहाजणांनी ट्रॉलीतून उतरवलं, केसभर वाकलं नाही!" सगळी सभा हसली. शाळेत 'तन्यता' पाठ केलेली आठवते, पण 'तन्य लोखंड' वाचून गावात कुणाच्या डोक्यात काय उजेड पडणार? परवा रंगारी येतोय. काय लिहू?

निवृत्त_मास्तर : तन्य. यात विचारायचं काय? तन् म्हणजे ताणणे. तंतू, तान, ताणा ही सगळी त्याच घरची मंडळी. ठोकून पत्रा होतो ती वर्धनीयता, ओढून तार निघते ती तन्यता. 'एक ग्रॅम सोन्यापासून 2 किलोमीटर लांबीची तार' हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. लोकांना कळत नाही म्हणून शब्द टाकायचा, तर 'ग्रामपंचायत' तरी कुणाला पाळण्यात कळत होता?

मूसभट्टी : मास्तर, नमस्कार करून सांगतो, शिरोलीच्या फाउंड्रीत कुणी 'तन्य' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवतील. या डक्टाइल लोखंडाला आम्ही एसजी म्हणतो, म्हणजे स्फेरॉइडल (गोळीदार) ग्राफाइटचं. साध्या बिडात (ओतीव लोखंडात) ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं, त्यामुळे भेग एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर पळत जाते आणि ठोका बसला की तुकडा पडतो. रसात थोडं मॅग्नेशियम गेलं की (काय लखलखाट होतो, डोळे मिटावे लागतात) त्याच ग्राफाइटच्या गोळ्या बनतात. भेग गोळीपाशी अडते. 1943 साली अमेरिकेत कीथ मिलिस यांनी हे करून दाखवलं. ओळखायची आमची सोपी रीत म्हणजे कास्टिंग टांगायचं आणि हातोडी मारायची. एसजी घंटेसारखं वाजतं, साधं बीड बद्द. आता या वाजण्याला तुमचा कोश काय म्हणतो?

निवृत्त_मास्तर : कोश वाजत नाही, वाचावा लागतो.

रिंगमास्तर : मी बांधकामातला. 'लवचीक' मात्र साफ चूक आहे, ओढ्याकाठीसाहेब. वेताची छडी वाकवून सोडली की सरळ होते, ती लवचीक. डक्टाइल वस्तू वाकली की वाकलेलीच राहते, पण तुटत नाही. आमच्याकडे भूकंपासाठी सळया-रिंगा बांधायचं 'डक्टाइल डिटेलिंग' असतं, त्याचं भारतीय मानक आयएस 13920. पहिल्यांदा निघालं 1993 मध्ये, किल्लारीच्याच वर्षी. त्यात कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगेचं टोक 135 अंशांत वळवून आत काँक्रीटमध्ये घुसवायचं असतं. फिटर 90 वर वळवून मोकळा होतो. "साहेब, रिंग ती रिंगच ना?" नाही ना बाबा! हादऱ्यात वरचं काँक्रीट उडालं की 90 ची रिंग उघडते, सळया फुगतात आणि कॉलम बसतो. 135 ची धरून ठेवते. कॉलम वेडावाकडा होईल, पण माणसांना बाहेर पळायला वेळ मिळेल. याला एका शब्दात मराठीत काय म्हणायचं ते मला वीस वर्षांत सुचलेलं नाही.

गावकुस : किल्लारीचं नाव उगाच ओढू नका. आमचं आजोळ त्या बाजूला. तिथली घरं दगडमातीची, जाड भिंतींची होती. सळईच नव्हती, तर 90 काय अन् 135 काय.

रिंगमास्तर : मान्य. मी फक्त साल सांगितलं.

कणीकताई : इतके मोठे शब्द कशाला? 'चिवट' आहे की! पुरणपोळीची कणीक तेल-पाण्यात तिंबली की बोटाला धरून ओढावी, तार लांबते पण तुटत नाही. आणि ठिसूळ बघायचं असेल तर चिक्कीचा पाक. तोच गूळ, एकतारी असताना ओढला जातो, पुढे शिजवून थेंब पाण्यात टाकला की कट्कन मोडतो. शिकवायचं तर असं शिकवा.

मूसभट्टी : ताई, उदाहरण नामी आहे, शब्द नाही. चिवट म्हणजे टफ, मार खाऊन न फुटणारं. डक्टाइल म्हणजे ओढ सोसून लांबणारं. शिसं बघा, ठोकून हवा तेवढा पत्रा करा, ओढायला गेलं की तुटतं. त्याची तार दाबून काढतात, ओढून नाही.

निवृत्त_मास्तर : म्हणजे शेवटी माझीच व्याख्या! शिवाय 'चिवट' उमेदवारही असतो, खोकलाही असतो.

शब्दवेडा : मूळ लॅटिन 'डुकेरे', म्हणजे ओढत नेणे. डक्ट, कंडक्टर, एज्युकेशन, सगळे भाऊबंद. मला तर पक्कं वाटतं की आपलं 'दुह्', दोहन, दूध काढणं, तेही यातलंच. सडातून धार ओढतोच ना!

निवृत्त_मास्तर : नुसत्या आवाजावरून सोयरीक जमवू नका. 'दुह्'चा मूळ उच्चार 'ध'चा, म्हणून तर 'धुक्' होतं. दोन्ही घराणी वेगळी. एज्युकेशनचं मात्र पटलं. पोरांची तारच ओढत होतो.

शब्दवेडा : 'ओढाळ लोखंड' कसं वाटतं मग?

गावकुस : ओढाळ म्हणजे दुसऱ्याच्या रानात शिरणारं जनावर. नळाची लाइन जाते आहेच शेजाऱ्याच्या रानातून, तेव्हा चालेल.

ओढ्याकाठी : मंडळी, रंगारी एक दिवस आधीच आलाय. पांढरा डबा उघडून बसलाय. तो म्हणतो, त्या ओळीत अकरा अक्षरंच मावतील.

निवृत्त_मास्तर : 'तन्य लोखंडी नळ' बसतं. मोजा.

मूसभट्टी : 'डीआय पाइप' लिहा. दुकानात तेच मागावं लागतं.

रिंगमास्तर : ताई, तो थेंब पाण्यात टाकायचा तो गार पाण्यात की साध्या? आमची चिक्की दरवेळी दाताला चिकटते.

कणीकताई : साध्या. आणि गूळ चिक्कीचाच घ्या.